गुलाबाच्या सोबतीला आयरिस निवडताना या चुका टाळा

ब्रिटनसारख्या थंड हवेत गुलाबाशेजारी आयरिस हे फुलझाड लावायचं ते मुख्यतः निळ्या रंगासाठी, कारण गुलाबात खरा निळा नाहीच. पण नुसता रंग बघून रोप मागवलं आणि जात पाहिली नाही, की पुढची सगळी दुखणी सुरू होतात.

सर्वांत जास्त हाल होतात दाढीवाल्या आयरिसचे, म्हणजे ज्याच्या खालच्या पाकळ्यांवर दाढीसारखी केसांची पट्टी असते त्याचे. त्याचा कंद आल्याच्या गड्ड्यासारखा आडवा वाढतो आणि त्याच्या पाठीवर ऊन पडावं लागतं. गुलाबाला आपण शेणखत घालतो, वर जाड आच्छादन पसरतो, पाणीही भरपूर देतो. ते आच्छादन कंदावर सरकलं की कंद मऊ पडतो, घाण वास येतो, पानांचा पंखा आडवा होतो. अशा वेळी घट्ट गर लागेपर्यंत कुजका भाग कापून टाका, कंद काही दिवस कोरडा होऊ द्या आणि मगच लावा. पानं हिरवीगार, पण फूल नाही? मग कंद खोल गाडला गेलाय, गुलाबाच्या सावलीत आलाय किंवा नत्र जास्त झालंय. वाफ्याच्या दक्षिणेकडच्या कडेला, गुलाबाच्या बुंध्यापासून हातभर लांब लावला तर ऊनही मिळतं आणि खतही चुकतं. लावणी जुलै ते सप्टेंबर.

फुलांची वेळही बघा. उंच दाढीवाले मेअखेर, जूनच्या सुरुवातीला फुलतात. बरेच गुलाब त्यानंतर भरात येतात. ‘जेन फिलिप्स’सारखा फिकट निळा दाढीवाला आयरिस हवाच असेल, तर त्याच्याजवळ मे महिन्यातच फुलणारा पिवळा ‘कॅनरी बर्ड’ गुलाब लावा.

माझं स्पष्ट मत असं, की नेहमीच्या खत-पाण्याच्या गुलाबवाफ्यात सायबेरियन आयरिसच लावावा. त्याला ओलसर, कसदार, किंचित आम्ल माती मानवते, म्हणजे गुलाबाला लागते तीच. कडाक्याची थंडी तो सोसतो, वारंवार विभागावाही लागत नाही. त्यातलाच गर्द जांभळा ‘सीझर्स ब्रदर’ फिकट गुलाबी गुलाबांपुढे फार देखणा दिसतो.

जपानी आयरिस मात्र चुनखडीच्या मातीत लावू नका; पानं पिवळी पडतात. उन्हाळ्यात माती कोरडी पडलेलीही त्याला चालत नाही.

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलणारा बुटका रेटिक्युलाटा आयरिस गुलाबासोबत कधीच फुलणार नाही. छाटलेल्या काड्यांखाली वाफा उघडाबोडका असतो, तेव्हासाठी तो लावायचा.