दहावीच्या बॅचचा मेळावा: हॉल नंतर बघा, आधी शाळेचं रजिस्टर उघडा

गेल्या तीन वर्षांत दहावीच्या बॅचचे पाच मेळावे मी जवळून बघितले. एक आमचा, १९९८ च्या एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा. एक बायकोच्या वर्गाचा, एक धाकट्या भावाच्या वर्गाचा. उरलेले दोन शेजारच्या गावांतले, तिथं खुर्च्या, माईक आणि जेवणाची व्यवस्था माझ्याकडं होती. भावाचा सोडला तर चुका सगळीकडं त्याच. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं पंचवीस वर्षांचे मेळावे आता गावोगावी भरतात आणि त्याच चुकांनी माणसं दुखावून घरी जातात. ते बघवत नाही म्हणून लिहितोय.

"मुली सापडत नाहीत"

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून आधी ही सांगतो.

आमच्या वर्गात ५८ जण होते, ३३ मुलं आणि २५ मुली. व्हॉट्सअॅप ग्रुप पुण्यात राहणाऱ्या चौघांनी काढला. महिन्याभरात ४० नंबर जमले, त्यांत मुलींचे सात. मग बैठकीत ठरलं की मुली लग्न होऊन गेल्या, त्या आता सापडायच्या नाहीत, आणि हॉल बुक झाला. मीही त्या बैठकीत होतो आणि गप्प बसलो. मेळाव्याला मुली आल्या नऊ. भाषणं झाली, केक कापला, फोटो सगळीकडं गेले.

पंधरा दिवसांनी शनिवारच्या बाजारात कोथिंबीर घेत होतो. विकणारी बाई पेंडी हातात धरून माझ्याकडं बघतच राहिली. "ओळखलं नाहीस न्हवं? दुसऱ्या बाकावर बसायची मी, खिडकीकडं." गणितात वर्गात तिच्यापुढं कुणी नव्हतं. सासर आमच्या गावापासून चार किलोमीटरवर. दर शनिवारी ती भाजी घेऊन शहरात येते, म्हणजे मी तिच्यासमोरून कितीदा गेलो असेन. "भाचीच्या मोबाइलवर फोटो बघितले मी सगळ्यांचे. छान झालं की. मला कुणी सांगितलंच नाही गा." तिनं कोथिंबिरीचे पैसे घेतले नाहीत. मी गाडीपर्यंत आलो, पण बराच वेळ गाडी सुरू करायला हात उठला नाही.

त्यानंतर भावाच्या बॅचचं काम हातात घेतलं तेव्हा पहिल्या दिवशी ग्रुप काढू दिला नाही. आधी शाळेत गेलो. जुने हजेरीपट बहुतेक शाळांत राहत नाहीत, पण दाखल्याचं रजिस्टर शाळा जपून ठेवते, कारण जन्मतारखेचा दाखला पुढं कितीही वर्षांनी कुणालाही लागतो. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या, तिथंच बसून वहीत नावं उतरवून घ्या. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, एवढंच. त्या रजिस्टरात जात आणि जन्मतारीखही असते, म्हणून पानांचे फोटो काढू नका. एका बॅचनं काढले आणि ग्रुपवर टाकले. त्यावरून दोन घरं आजही एकमेकांशी बोलत नाहीत.

मग वही घेऊन गाडीवर निघायचं. मुलीचं आडनाव बदललेलं असतं, माहेर जागेवरच असतं. माहेरी भाऊ नसला तर वहिनी असते, वहिनीला सगळं ठाऊक असतं. आमच्याकडच्या मुली चंदगड, गडहिंग्लज, आजरा, खानापूर, फार तर गोव्यात दिलेल्या असतात. चार संध्याकाळी दोन गावं फिरलो आणि २२ पैकी १९ मुलींचा पत्ता लागला. फेसबुकवर शोधून थकलेल्या पोरांनी हे आधी करावं. घरबसल्या शोध घेणाऱ्यांना घरात बसलेली बाई सापडत नाही.

पत्ता मिळाला म्हणून लगेच फोन लावू नका. फोन बऱ्याचदा नवऱ्याकडं किंवा मुलाकडं असतो. पलीकडून परका पुरुष "मी तिचा वर्गमित्र" म्हणाला तर तिला दिवसभर उत्तरं द्यावी लागतात. वर्गातलीच दुसरी मुलगी बरोबर घ्या, पत्रिका घेऊन घरी जा, सासूबाईंच्या हातात द्या, चहा घ्या. वेळ सकाळी दहा ते दुपारी चार ठेवा. संध्याकाळचा कार्यक्रम म्हणजे तिला "येऊ नकोस" म्हणण्यासारखंच आहे, कारण गावाकडची शेवटची बस निघून गेलेली असते.

तारीख

पुण्या-मुंबईचे लोक आपली सुट्टी बघून तारीख ठरवतात. गावात राहिलेल्यांचं वर्ष वेगळं चालतं. जून-जुलैत भाताची लावणी, नोव्हेंबरात सुगी, मे महिन्यात लग्नं आणि गावच्या यात्रा. १ नोव्हेंबर तर नकोच, त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी लोकांचा काळा दिवस, बेळगाव शहरात मिरवणुका आणि फेऱ्या असतात, रस्ते बंद असतात. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, त्या दिवसांत बेळगावात लॉज मिळणं मुश्कील. आमचा मेळावा डिसेंबर २०२३ मधलाच. मुंबईहून आलेले तिघं शेवटी माझ्या माळ्यावर झोपले.

वर्गातल्या फौजींना विसरू नका. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, आमच्या पट्ट्यात प्रत्येक बॅचमध्ये चार-पाच जण तरी सैन्यात गेलेले. त्यांना रजा मागावी लागते, तीन महिने आधी तारीख पाहिजे. आठवड्याआधी "येतोस काय?" विचारण्यात काही अर्थ नाही.

मी संक्रांतीनंतरचा रविवार सुचवतो. सुगी उरकलेली असते, हवा चांगली असते.

गुरुजींना ताटकळत ठेवणं

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

शेजारच्या गावातल्या एका मेळाव्यात ८० च्या पुढचे सर आले होते. मुलानं परगावाहून गाडी करून आणलं होतं. सकाळी साडेनऊला ते येऊन बसले. आधी आयोजकांचं प्रास्ताविक, मग मोठ्या पदावर गेलेल्या दोघांचे सत्कार, मग एकेकाचं मनोगत, मग नाच. गुरुजनांचा सत्कार पत्रिकेत जेवणानंतर छापलेला. सरांना साखरेचा त्रास, एक वाजून गेला तसे ते खुर्चीत खचत गेले. मी स्वयंपाकघरातून भात-आमटीचं ताट आणून दिलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "मुलं जेवली काय?" अडीचला नाव पुकारलं. स्टेजला पाच पायऱ्या, कठडा नाही, दोघांनी धरून वर नेलं. शाल, श्रीफळ, फोटो. "सर, दोन शब्द, पण थोडक्यात." सरांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. वर्गातल्या प्रत्येकाचं नाव आणि त्याच्याबद्दल एकेक ओळ त्यांनी घरी बसून लिहून आणली होती. माईकवाल्या पोरानं घड्याळाकडं बोट दाखवलं. सरांनी पाच-सहा नावं वाचली, कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला आणि खाली उतरले. पंचवीस वर्षांनी ज्यासाठी एवढी माणसं जमली, ते त्या कागदात होतं आणि ते कुणी ऐकलंच नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. गुरुजन पहिले. दीपप्रज्वलन झालं की लगेच ते बोलतील, हवं तेवढं बोलतील. सत्कार खाली, त्यांच्या खुर्चीपाशी. आणायला-सोडायला गाडी आणि बरोबर एक विद्यार्थी. जेवणाची आणि गोळीची वेळ आदल्या दिवशी घरच्यांना विचारून घ्यायची. पत्रिका छापण्याआधी प्रत्येकाच्या घरी जाऊन यायचं. वारलेल्या शिक्षकांच्या नावानं त्यांच्या घरी पत्रिका गेल्याचं मी पाहिलंय, त्या बाईंचा चेहरा विसरता येत नाही.

कन्नड शिकवणारे सर हमखास राहून जातात. मराठी माध्यमातल्या पोरांना कन्नडचा तास नकोसा वाटायचा, पण आज शेताचा उतारा, बसची पाटी, तहसीलदार कचेरीतला अर्ज आपण वाचतो तो त्यांच्यामुळं. घंटा देणारे शिपाईमामाही राहतात. दोघांनाही बोलवा आणि पहिल्या रांगेत बसवा.

पैसे

माणशी १५०० किंवा २००० रुपये ठरवून ग्रुपवर क्यूआर कोड टाकतात, मग रोज संध्याकाळी "पैसे आलेल्यांची यादी". यादीत नाव नसलेला माणूस काय करतो? "त्या दिवशी जरा काम आहे" म्हणतो आणि येत नाही. वीटभट्टीवर किंवा गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्याला तो आकडा दोन-तीन दिवसांच्या मजुरीचा असतो, वर त्या दिवसाचं काम बुडतं ते वेगळंच.

भावाच्या बॅचला आम्ही आकडा ठरवलाच नाही. दोघांकडं हिशेब, त्यांनी कुणाला काही सांगायचं नाही, दारात पाकिटाचा डबा. खर्च भागून पैसे उरले. हॉल न घेता शाळेच्या पटांगणात मांडव घातला, गावातल्याच आचाऱ्याकडून पुलाव, भाजी, आमटी आणि गोडाला कुंदा. शाळा सोडून हायवेवरच्या हॉलमध्ये मेळावा भरवणं मला अजिबात पटत नाही. बाक, फळा, पाण्याची टाकी बघितल्यावर माणसं आपोआप बोलायला लागतात.

लहानसहान, पण लागणाऱ्या

ओळख करून देताना पद सांगायला लावू नका. नाव, कुठल्या बाकावर बसायचा आणि एक आठवण, पुरे. एका ठिकाणी ६२५ पैकी कुणाला किती मार्क पडले ते वाचून दाखवलं. नापास झालेले दोघं जेवणाआधीच निघून गेले.

मुलींना हळदी-कुंकू लावून ओटी भरायचा कार्यक्रम ठेवू नका. पंचवीस वर्षांत वर्गातल्या काहींचे नवरे गेलेले असतात. बायकोच्या मेळाव्यात तिघी बाजूला भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. गजरा द्या आणि सगळ्यांना द्या.

एकसारखे टी-शर्ट नकोत. आदल्या रात्रीची दारूपार्टी नको. निम्मे लोक सकाळी अकराला सुजलेल्या डोळ्यांनी येतात आणि गुरुजींच्या पाया पडतात.

शाळेला भेट देण्याआधी शाळेला विचारा. एका शाळेच्या भिंतीवर चार बॅचची नावं घातलेली चार घड्याळं आहेत आणि मुलींच्या शौचालयाचं दार मोडलेलं आहे.

येणाऱ्यांसाठी

पुण्याहून पहाटे निघून दहाला पोचू म्हणू नका. ३४० किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, त्यात टोलनाके आणि कामं. आदल्या रात्री या, आईजवळ जेवा. गोव्याकडून पावसाळ्यात येणार असाल तर चोर्ला घाटातलं धुकं लक्षात घ्या.

विमा, प्लॉट, चेन मार्केटिंग घरी ठेवून या. "मुलं किती? लग्न का नाही केलंस? एवढा कसा वाळलास?" हे विचारू नका, सांगायचं असेल तो सांगतो. आणि आपल्या जुन्या टोळक्यातच दिवसभर बसू नका. ज्याच्याशी दहावीत कधी बोलला नाहीत त्याच्या शेजारी ताट घेऊन बसा. भावाच्या मेळाव्यात पोलीस खात्यातला एक जण मागच्या बाकावरच्या सुतारकाम करणाऱ्याजवळ असाच बसला. गेल्या महिन्यात त्या पोलिसाच्या घराच्या चौकटी त्या सुतारानंच केल्या.

मेळावा झाला की वही टाकून देतात, ही शेवटची चूक. ग्रुप सहा महिन्यांत शुभ सकाळच्या चित्रांनी भरतो, लोक बाहेर पडतात, नंबर बदलतात. वही राहते. २०२८ ला आमच्या बॅचला तीस वर्षं होतील. माझ्या वहीत ५८ पैकी ५१ जणांचे पत्ते आहेत, चौघं वारले आणि तिघींचा पत्ता अजून लागलेला नाही. एकीचं माहेरचं घर विकलं गेलंय. कोथिंबीरवाली मैत्रीण म्हणते, त्या मुलीची मावशी चंदगडच्या बाजाराला येते. येत्या आठवड्यात आम्ही दोघं तिकडं जाणार आहोत.