नेपाळच्या बालगृहात गाणं-चित्रं शिकवायला जाताय? आधी परतीची तारीख लिहा

पासपोर्ट, गरम कपडे, पोटाची औषधं, चार्जर. हे सगळं तुम्हाला कळतं, त्यावर वेळ घालवत नाही. एकच सांगते: विमानानं जाणार असाल तर नुसतं आधार कार्ड चालत नाही. १५ ते ६५ वयाच्या भारतीयाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. विमानतळावर अडवलं की कितीही समजावा, उपयोग होत नाही. व्हिसा लागत नाही. गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे सीमेवरच्या सुनौलीहून बस करणार असाल तरी यातलं एक कागदपत्र हाताशी ठेवा.

आता मुख्य गोष्ट. परतीची तारीख. ती मुलांना पहिल्या दिवशी, पहिल्या गाण्याच्याही आधी सांगायची. गेल्या खेपेला सगळी तयारी झाली आणि नेमकं हेच राहिलं. शेवटच्या आठवड्यात घाईनं सांगितलं गेलं, आणि सगळ्यात लहान मुलं वर्गात यायचीच थांबली. म्हणून ही यादी लिहायला घेतली, आणि म्हणूनच ही गोष्ट तुम्हाला पुन्हा पुन्हा वाचावी लागणार आहे.

बालगृहातल्या मुलानं किती ताई-दादा आले आणि गेले हे पाहिलेलं असतं. प्रत्येकानं जीव लावला, प्रत्येकानं फोटो काढले, आणि एका सकाळी तो माणूस नव्हता. तुम्ही गाणं शिकवायला जाता म्हणजे सगळ्यात जवळच्या वाटेनं आत शिरता. एका सुरात गाणाऱ्या माणसांची ओढ फार लवकर लागते. त्यामुळे आपली जबाबदारी गणित शिकवणाऱ्यापेक्षा जास्तच आहे. रुमानियात २००० साली सुरू झालेल्या बुखारेस्टच्या अभ्यासात संस्थांमधल्या १३६ लहानग्यांकडे पाहिलं गेलं. ज्यांना कुटुंबात सोपवलं त्यांची वाढ आणि माणसांशी जडणारं नातं संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा चांगलं सावरलं. टिकून राहणारं माणूस मुलाला लागतं. आपण टिकणारे नाही, हे त्याला आधीपासून माहीत असायला हवं.

जागा निवडण्यापासून सुरुवात करा, आणि इथे घाई अजिबात नको. ‘अनाथ’ हा शब्द ऐकून विरघळू नका. युनिसेफ सांगतं की नेपाळच्या बालगृहांतल्या सुमारे ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण, हयात आहेत. १९९६ ते २००६ च्या यादवीत हुम्लासारख्या दुर्गम डोंगराळ जिल्ह्यांतल्या आईबापांनी, पोरं सुरक्षित राहतील, शिकतील म्हणून त्यांना दलालांच्या हवाली केलं. त्यातली कितीतरी काठमांडूत अनाथ म्हणून उभी केली गेली. बालगृहांची गर्दी कुठे आहे ते पाहा: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की, चितवन. सगळे पर्यटकांचे जिल्हे. पैसे देणारा पाहुणा जिथे येतो तिथे बालगृह उघडतं, आणि बालगृह भरायला मूल लागतं. २०१५ च्या भूकंपानंतर सरकारला मुलांना पालकांशिवाय जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घालावी लागली होती, ती याच भीतीनं. ऑस्ट्रेलियानं २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करी गुलामगिरीचा प्रकार म्हणून ओळखली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही अनाथालयातल्या स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीची दखल घेतली.

तर मग जायचंच नाही का? जायचं, पण नीट पारखून. संस्थेला हे प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरं लेखीच घ्या. नोंदणी आहे का, आणि स्थानिक पालिकेच्या बाल कल्याण अधिकाऱ्याला बाहेरचा माणूस मुलांना शिकवायला येतोय हे माहीत आहे का? मुलांना घरच्यांकडे परत पाठवण्यासाठी काय करता? गेल्या वर्षी किती मुलं घरी गेली? माझ्याकडून पोलिसांचा दाखला मागणार का? शेवटच्या प्रश्नाला ‘त्याची काही गरज नाही, तुम्ही या’ असं उत्तर आलं तर जाऊ नका. आठवडाभराचे पैसे भरा आणि मुलांमध्ये राहा, असं सांगणाऱ्याकडे तर मुळीच नको. तुम्हाला न पारखता आत घेणारा माणूस दुसऱ्या कोणालाही तसाच आत घेईल. संस्था मागो न मागो, पोलीस पडताळणीचा दाखला काढा. वेळ लागतो, आधी अर्ज करा.

सगळ्यात चांगलं काय? वस्तीतली सामुदायिक शाळा. तिथे बालगृहातली मुलंही येतात आणि घरून येणारीही. सगळी एकत्र गातात, कोणाच्या कपाळावर ‘अनाथ’ असा शिक्का राहत नाही. आणि तिथला एखादा संगीतशिक्षक किंवा चित्रशिक्षक तुमच्या सोबत उभा असला पाहिजे. पहिल्या दिवसापासून. वर्ग त्याचा, तुम्ही मदतनीस. असा माणूस सापडत नसेल तर तो सापडेपर्यंत जाणं पुढे ढकला. जेमतेम दोन-तीन आठवडेच काढू शकत असाल तर मुलांचा वर्ग घेऊच नका, शिक्षकांसोबत बसा, त्यांना हार्मोनियमवर साथ कशी करायची ते दाखवा. तेवढ्या दिवसांत तेच होण्यासारखं आहे.

कधी जायचं? असार ते भदौ (मध्य जून ते मध्य सप्टेंबर) पाऊस, दरडी, रस्ते बंद. त्यानंतरच्या असोज-कात्तिकात दशैं आणि तिहार, म्हणजे आपला दसरा-दिवाळी, शाळा बंद, आणि ज्या मुलांचं कोणी असतं ती त्या दिवसांत गावी जातात. त्या भेटींच्या आड आपला कार्यक्रम अजिबात येऊ देऊ नका. चैतात वर्षअखेरच्या परीक्षा. उरतात मंसिर (मध्य नोव्हेंबर ते मध्य डिसेंबर) आणि फागुन (मध्य फेब्रुवारी ते मध्य मार्च), तेच धरा. पुस-माघात काठमांडूला, म्हणजे जवळजवळ १,४०० मीटरवर, सकाळी बोटं इतकी गारठतात की ना मूल पेन्सिल नीट धरत ना तुमची बोटं पट्ट्यांवर चालत.

हे महिने मी नेपाळी पद्धतीनं लिहिले, ते मुद्दाम. परतीची तारीखही तशीच सांगायची आहे. तिथलं रोजचं जगणं विक्रम संवतावर चालतं, इसवी सनाच्या सुमारे ५६ वर्षं ८ महिने पुढे. महिने सौर आहेत, त्यामुळे आपल्या पंचांगातला चैत्र आणि त्यांचा चैत एकाच दिवशी सुरू होत नाही, महिन्याचे दिवसही २९ ते ३२ असे बदलतात. तुम्ही ‘३० नोव्हेंबर’ म्हणालात तर सहा वर्षांच्या पोराला काय कळणार? मंसिरातली कितवी गते, म्हणजे तिथली तारीख, ते सांगा. निघण्याआधी नेपाळी पात्रोत, म्हणजे दिनदर्शिकेत, पाहून आपली तारीख पक्की करून घ्या, अंदाजानं नको. पोहोचल्यावर एक भित्तेपात्रो, म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर, विकत घ्या, वर्गात लावा, त्या दिवसाभोवती मुलांच्या हातून रंगीत गोल काढून घ्या. रोज वर्ग संपला की एक खूण. तिकीट बदललं तर त्याच दिवशी गोलही बदला, आणि का बदलला ते सांगा. ‘अजून खूप दिवस आहेत रे’ असलं काही बोलू नका. किती आहेत ते मोजून दाखवा.

वाद्यं. हार्मोनियम इथून नेऊ नका. विमानाच्या सामानात सूर हलतो, भातेही फाटतात. काठमांडूत भजनी मंडळींमुळे हार्मोनियम सहज मिळते, भाड्यानं किंवा कोणाकडून मागून घ्या. ढोलकीही नको, तिथे मादल आहे. पोखरलेलं लाकूड, दोन्ही तोंडांना चामडं आणि शाई. तबला-ढोलकीवर हात बसलेल्या माणसाला आठवडाभरात बरं जमतं. तरी शिकवायचं तिथल्याच माणसानं, तुम्ही शिकायचं. मूल तुम्हाला मादलचा बोल शिकवतंय, तुम्ही चुकताय आणि ते दुरुस्त करतंय, यापेक्षा चांगला वर्ग नसतो. झ्याउरे या नेपाळी लोकगीतांच्या प्रकाराचा ठेका दादऱ्याच्या हाताला लगेच ओळखीचा वाटेल. गंधर्वांची, म्हणजे गाण्यावर जगणाऱ्या तिथल्या समाजाची, चार तारांची सारंगी आणि तामाङ समाजाचा डम्फू हा डफ ऐकवायला वस्तीतल्याच कोणाला बोलवा आणि त्याला मानधन द्या. त्या वर्गातलं एखादं मूल तामाङ असेल, एखादं गंधर्वांच्या घरचं असेल. त्याच्या घरचं वाद्य वर्गात मानानं येतं ही त्याच्यासाठी लहान गोष्ट नाही.

पट्टीचं सांगून ठेवते, कारण यात पुरुष गायक हमखास गल्लत करतात. हार्मोनियमवरची आपली काळी एक किंवा काळी दोन मुलांच्या गळ्याला खाली पडते, मग पोरं एक तर पुटपुटतात नाहीतर ओरडतात. काळी चारच्या आसपास घ्या, वरच्या सुरांना ताण आला तर उतरा. गाणी आधी त्यांची. निदान तीन-चार नेपाळी लोकगीतं शब्द-अर्थासकट पाठ करून जा, त्यात तिहारात दारोदारी गायचं देउसी-भैलो असू द्या, ते जवळजवळ प्रत्येक पोराला येतं. मग आपलं एखादं बडबडगीत. लिपी देवनागरीच असल्यामुळे मोठी मुलं फळ्यावरचं मराठी वाचूनही म्हणतात. आईची गाणी, अंगाई, ‘घरी चला’ छापाची गाणी वगळा. आपल्या बालगीतांत आई फार, म्हणून यादी घरूनच गाळून न्या, तिथे ऐन वेळी सुचत नाही.

चित्रांचंही तेच. ‘तुझं घर काढ’, ‘तुझं कुटुंब काढ’ हे विषय देऊ नका. विषय साधे ठेवा: पाऊस, बाजार, आवडतं जनावर, आज ऐकलेला आवाज. रंग आणि कागद तिथल्याच दुकानातून घ्या. लोकता झुडपाच्या सालीचा हातकागद तिथला आहे, त्याचा पोत मुलांना आवडतो, पण रंग आधी एका तुकड्यावर लावून पाहा. तराईतली, म्हणजे दक्षिणेच्या सखल भागातली, मुलं असतील तर त्यांच्या घरच्या भिंतींवरची मैथिली चित्रं त्यांना आठवत असतील. ती काढू द्या, तुमच्या वारली नक्षीला थोडं थांबता येईल. चित्र मुलाचं असतं. प्रदर्शनासाठी, आठवण म्हणून, देणगीदारांना दाखवायला, कशासाठीही ते इकडे आणायचं नाही. आणि काळा रंग जास्त वापरला म्हणून मुलाच्या मनात काय चाललंय याचे अर्थ लावू नका, ते काम आपलं नाही.

पुन्हा तारखेकडे येते. शेवटचा आठवडा आतापासून कागदावर आखा. नवीन गाणं त्या आठवड्यात घ्यायचं नाही. वर्ग पूर्णपणे स्थानिक शिक्षकाच्या हाती द्यायचा, तुम्ही मागे मुलांत बसायचं. शेवटच्या दिवशी मोठा समारंभ, रडारड, भाषणं नकोत. ‘लवकरच येईन’ म्हणू नका. येणार असाल आणि तिकीट हातात असेल तरच म्हणा. एखादं मूल तारीख ऐकून पहिल्याच दिवशी तुमच्यावर रुसेल, दूर बसेल. बसू द्या, त्याला तो हक्क आहे. त्या रुसण्याला घाबरून लोक तारीख सांगायची टाळतात, आणि तिथेच सगळं बिघडतं. सांगा. पहिल्या दिवशी सांगा.

वागण्याचे नियम आता भराभर. मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसू नका. चेहऱ्याचे फोटो नाहीत, समाजमाध्यमांवर तर नाहीच नाही. एकाच मुलाला खाऊ, भेटवस्तू, फोन नंबर नाही. ‘तुझे आईबाबा कुठे असतात?’ विचारू नका. मुलानं आपणहून मारहाणीबद्दल किंवा त्याहून वाईट काही सांगितलं तर शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि संस्थेतल्या ठरलेल्या माणसाला सांगा. संशय संस्थेवरच असेल तर १०९८. बाल मदतवाहिनीचा हा क्रमांक नेपाळमध्येही तोच आहे.

पैसे: एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये, दर ठरलेला आहे. आपल्या १०० च्या नोटा चालतात, मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, निघण्याआधी पाहून घ्या. विमा काढा. विषमज्वराची लस घ्या. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा.

परतल्यावर मुलांशी थेट चॅटिंग नको. पत्र संस्थेमार्फत, सगळ्या वर्गाला मिळून. आणि मादल शिकवणाऱ्याचं पुढच्या वर्षाचं मानधन कबूल केलं असेल तर ते ठरल्या गतेला पोहोचलं पाहिजे, तेवढी बँकेची व्यवस्था निघण्याआधीच करून ठेवा.