दुकानाच्या फेसबुक-इन्स्टाग्राम पेजची लिंक देताना या चुका टाळा

सोलापुरातून चादरी, टॉवेल आणि शेंगा चटणी घेऊन जाणारी बरीच गिऱ्हाइके गावाबाहेरची असतात. अक्कलकोट, तुळजापूर किंवा पंढरपूर करून परतताना एखादे कुटुंब दुकानात अर्धा तास थांबते आणि पुन्हा कधी येईल हे कोणालाच सांगता येत नाही. घरी गेल्यावर चादर आवडली, शेजारणीने कुठून घेतली म्हणून विचारले, आणखी चार मागवाव्यात असे वाटले, तर त्यांच्या हाती पिशवी, बिल किंवा पाकिटावरचे लेबल एवढेच उरलेले असते. त्यावरून ते दुकानाच्या पेजवर पोहोचले तर दुसरी ऑर्डर येते आणि मध्येच अडकले तर ती हातची जाते. रील्स आणि फोटो यांवर व्यापारी मनापासून खर्च करतात. गिऱ्हाइकाला त्या पेजपर्यंत आणणारी लिंक मात्र एकदा टाकली की ती चालते का हे सहसा कोणी तपासत नाही.

नुसते चिन्ह छापणे

व्हिजिटिंग कार्डावर फोन क्रमांकाखाली फेसबुकचा निळा ‘एफ’ आणि इन्स्टाग्रामचा कॅमेरा छापलेला असतो, पण शेजारी कोणतेही नाव नसते. संकेतस्थळावर चिन्ह दाबता येते, कागदावर ते दाबता येत नाही. त्यामुळे कार्ड, पिशवी, बिल, टेम्पोवरची पाटी अशा प्रत्येक छापील जागी चिन्हासोबत पूर्ण यूजरनेम, म्हणजे पेजच्या पत्त्यातले नाव, हवे. ‘आम्हाला फेसबुकवर शोधा’ एवढ्याने भागत नाही, कारण सोलापुरी चादर असे शोधल्यावर एकसारख्या नावांची कितीतरी पेजेस समोर येतात. शिवाय रोमन लिपीत सोलापूर आणि चादर हे दोन्ही शब्द लोक निरनिराळ्या तऱ्हेने लिहितात, आणि शहराच्या नावाचे इंग्रजांच्या काळातले स्पेलिंगही अजून वापरात आहे. सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तरीही या नावाखाली दुसरीकडचा माल विकला जातो. अशा बाजारात खऱ्या उत्पादकाने आपल्या पेजचा अचूक पत्ता न देणे म्हणजे आपले गिऱ्हाईक स्वतःच दुसऱ्याच्या दारात पाठवणे होय.

यूजरनेम निवडताना ते फोनवर तोंडी सांगता येईल का, हे पाहावे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे एकाच पेठेत व्यवहार करतात तिथे दोन अंडरस्कोर आणि शेवटी तीन आकडे असलेले नाव कोणालाच नीट सांगता येत नाही. फेसबुकवर यूजरनेममधला टिंब आणि कॅपिटल अक्षरे यांमुळे फरक पडत नाही. इन्स्टाग्रामवर मात्र टिंब आणि अंडरस्कोर नावाचाच भाग मानले जातात. म्हणून दोन्हीकडे मिळेल असे एकच, टिंबाशिवायचे नाव घेतले तर छपाई सोपी होते आणि गिऱ्हाइकाचाही गोंधळ होत नाही.

चुकीच्या ठिकाणाहून लिंक उचलणे

सर्वांत जास्त घोटाळे येथे होतात. मालक स्वतःच्या फोनवर लॉग-इन असतो, त्याला आपले पेज रोज दिसते आणि तो समोर असलेला पत्ता कॉपी करून वेबसाइट करणाऱ्याला पाठवतो. तो पत्ता अनेकदा पेजचा नसतोच. कधी तो पेज चालवण्यासाठीच्या मेटा बिझनेस सूटचा असतो, म्हणजे मालकाला आतली खोली दिसते आणि बाहेरच्या माणसाला लॉग-इनची भिंत. कधी तो पेजवरच्या एका जुन्या पोस्टचा असतो, आणि मग संकेतस्थळावरचे चिन्ह दाबणाऱ्याला तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या शुभेच्छा दिसतात. कधी तो मालकाच्या वैयक्तिक प्रोफाइलचा असतो. वैयक्तिक प्रोफाइलवर 5,000 मित्रांची मर्यादा आहे आणि दुकानासाठी पेजच असायला हवे, त्यामुळे तिथे पाठवलेले गिऱ्हाईक दुकानाऐवजी घरच्या लग्नाचे फोटो पाहून परत फिरते.

प्रश्नचिन्हाचा मुद्दा नीट समजून घेतलेला बरा. इन्स्टाग्रामच्या ‘शेअर’ बटणावरून लिंक घेतली की यूजरनेमनंतर प्रश्नचिन्ह येते आणि पुढे अक्षरांची लांब शेपटी लागते. ती शेपटी लिंक कोठून शेअर झाली याचा माग ठेवण्यासाठी असते; प्रश्नचिन्हापासून पुढचे सगळे काढून टाकले तरी प्रोफाइल उघडते आणि छापायला स्वच्छ पत्ता मिळतो. मात्र हाच नियम सरसकट लावला की नवी अडचण उभी राहते. ज्या फेसबुक पेजने अजून यूजरनेम घेतलेले नाही, त्याच्या पत्त्यात ‘प्रोफाइल डॉट पीएचपी’, मग प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे आयडीचा लांब आकडा असतो. येथे तो आकडा हाच खरा पत्ता असतो. तो काढला तर लॉग-इन असलेल्या गिऱ्हाइकाला त्याचे स्वतःचेच प्रोफाइल उघडलेले दिसते, आणि दुकानदार मात्र लिंक अगदी बरोबर आहे असे शपथेवर सांगत राहतो, कारण त्याच्याकडे तीच लिंक त्याचेच प्रोफाइल उघडते. यूट्यूबवरच्या एखाद्या व्हिडिओच्या लिंकचीही हीच गत आहे; व्हिडिओची ओळख प्रश्नचिन्हानंतरच येते. चॅनेलसाठी 2022 पासून ‘ॲट’ चिन्हाने सुरू होणारे हँडल मिळते, तेच वापरावे.

संकेतस्थळावरची चिन्हे

चिन्ह दाबल्यावर ‘पेज सापडले नाही’ असे आले, तर सर्वांत आधी पत्त्याची सुरुवात पाहावी. लिंकच्या चौकटीत ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढची दोन तिरप्या रेघांची खूण न घालता थेट ‘फेसबुक डॉट कॉम’पासून लिहिले असेल, तर ब्राउझरला ते आपल्याच संकेतस्थळातले एखादे पान वाटते. मग ॲड्रेस बारमध्ये आधी आपल्या दुकानाचे नाव, मग तिरपी रेघ, मग फेसबुकचा पत्ता असे विचित्र मिश्रण दिसते. हे दिसले की निदान पक्के झाले. सुरुवात पूर्ण लिहावी, दोष जातो.

तयार टेम्प्लेटवर बांधलेल्या संकेतस्थळांत आणखी एक उणीव राहून जाते. चिन्हे टेम्प्लेटसोबतच आलेली असतात आणि त्यांत नमुन्याची लिंक असते, म्हणजे ती दाबली की पान नुसते वर सरकते किंवा थेट फेसबुकचे मुखपृष्ठ उघडते. ज्या माध्यमावर आपण नाही त्याचे चिन्ह काढून टाकावे. एप्रिल 2019 मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झालेल्या गूगल प्लसचे आणि जून 2020 मध्ये भारतात बंदी आलेल्या टिकटॉकचे चिन्ह अजूनही काही जुन्या संकेतस्थळांच्या तळाशी दिसते. ते पाहून नवा खरेदीदार, विशेषतः गणवेशाची घाऊक ऑर्डर देऊ पाहणारी शाळा, हा कारखाना अजून चालू आहे का अशी शंका घेते.

ही चिन्हे कोठे असावीत याबद्दल माझे मत ठाम आहे. ती तळाशी आणि संपर्काच्या पानावर असावीत, माथ्यावर नसावीत. माणूस मालाचे दर पाहायला संकेतस्थळावर आला असताना त्याला पहिल्याच क्षणी इन्स्टाग्रामवर पाठवले, तर तिथे त्याचे लक्ष वेधून घेणाऱ्या इतर शंभर गोष्टी असतात आणि तो परत येत नाही.

क्यूआर कोड

क्यूआर कोडमुळे टंकलेखन वाचते, पण छापल्यानंतर दुरुस्ती होत नाही. त्यामुळे येथे चुकीची किंमत जास्त मोजावी लागते. कोडचे दोन प्रकार असतात. स्थिर कोडमध्ये पत्ता कायमचा कोरलेला असतो. बदलत्या कोडमध्ये मधल्या एका सेवेचा पत्ता असतो आणि ती सेवा पुढे पाठवते. फुकट म्हणून घेतलेला बदलता कोड चाचणीची मुदत संपली की बंद पडू शकतो, आणि तोवर हजारो पिशव्या छापून झालेल्या असतात. स्वतःचे संकेतस्थळ असेल तर सर्वांत चांगला मार्ग असा की आपल्याच डोमेनवर, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे, ‘इन्स्टा’ नावाची एक वाट करावी, ती इन्स्टाग्राम पेजकडे वळवावी आणि स्थिर कोड त्या वाटेचा बनवावा. उद्या यूजरनेम बदलले तरी फक्त वळण बदलावे लागते, छापील माल वाया जात नाही.

शेंगा चटणीच्या पाकिटावर जागा कमी असते म्हणून कोड नखाएवढा करतात, त्याच्या कडेची पांढरी पट्टी कापतात आणि मध्ये मोठा लोगो बसवतात. कोडभोवती चारही बाजूंनी किमान कोडमधल्या चार बारीक चौकोनांएवढी मोकळी जागा लागते. ती नसेल तर कॅमेऱ्याला कोड कोठे सुरू होतो हेच कळत नाही. हातात धरून स्कॅन करायचा कोड दोन सेंटिमीटरहून लहान नसावा. लोगो घालायचाच असेल तर कोड बनवताना चूकदुरुस्तीची सर्वांत वरची पातळी निवडावी, कारण तीत साधारण 30 टक्के भाग झाकला किंवा खराब झाला तरी कोड वाचता येतो. पाकीट फुगते तिथे किंवा शिवणीवर कोड नको, तो सपाट बाजूला हवा. रंग गडद आणि पार्श्वभूमी फिकी असावी. लाल चटणीच्या पाकिटावर लाल जमिनीवर सोनेरी कोड शोभून दिसतो, पण वाचला जात नाही.

फलकासाठी ठोकताळा असा की माणूस जितक्या अंतरावर उभा असेल त्याच्या एक दशांश तरी कोडची रुंदी हवी. दहा फुटांवरून स्कॅन करायचा तर कोड एक फुटाचा लागतो. नवी पेठेतल्या गर्दीत दुकानाच्या माथ्यावर, पंधरा फूट उंचीवर लावलेला वीतभर कोड कोणाच्याही कामाचा नसतो. तो गल्ल्यापाशी, पैसे देताना हात पोहोचेल तिथे असावा. मात्र तिथे आधीच यूपीआयचा कोड असतो. दोन्ही शेजारी लावले की गिऱ्हाईक पेमेंट ॲपने इन्स्टाग्रामचा कोड स्कॅन करते, ॲप बहुधा तो चुकीचा कोड असल्याचे सांगते आणि रांग थांबते. दोघांत अंतर ठेवून वर मोठ्या अक्षरांत ‘येथे पैसे द्या’ आणि ‘नवे डिझाइन येथे पाहा’ असे लिहावे. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या स्टॉलवर हे लक्षात ठेवणे अधिकच गरजेचे, कारण गर्दीत समजावून सांगायला कोणाला वेळ नसतो. कोडखाली यूजरनेम छापावेच. नेटवर्क रेंगाळले तर माणूस फोटो काढून ठेवतो आणि घरी जाऊन पाहतो.

व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि गूगल यांची आपापसांतली जोडणी

पेजवरून व्हॉट्सॲपवर आणायचे असेल तर ‘डब्ल्यूए डॉट एमई’ची लिंक वापरतात. तीत तिरप्या रेघेनंतर 91 आणि लगेच दहा आकडी क्रमांक लिहायचा असतो. अधिकचे चिन्ह, मधला डॅश, मोकळी जागा किंवा सवयीने लावलेले शून्य यांपैकी काहीही आले की लिंक चालत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसच्या सेटिंगमध्ये तयार छोटी लिंक मिळते, तीच कॉपी केली तर ही चूक होत नाही.

इन्स्टाग्रामच्या पोस्टखालच्या मजकुरात किंवा कमेंटमध्ये लिहिलेली लिंक दाबता येत नाही. तरीही तिथे लांबलचक पत्ते टाकले जातात. लिंक बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीच्या मजकुरात, द्यावी, आणि स्टोरीत लिंकचा स्टिकर लावावा. बायोमध्ये 2023 पासून पाच लिंका देता येतात, पण पाहणाऱ्याला पहिलीच स्पष्ट दिसते आणि बाकीच्या तिच्यामागे झाकल्या जातात, म्हणून ऑर्डरची लिंक पहिली ठेवावी.

गूगल मॅपवर दुकानाची जी नोंद असते, तिच्या प्रोफाइलमध्ये संपर्काच्या भागात सोशल मीडियाच्या लिंका देण्याची सोय आहे. प्रत्येक माध्यमाची एकच लिंक देता येते. ‘वेबसाइट’च्या रकान्यात फेसबुकची लिंक भरून मोकळे होणारे पुष्कळ आहेत, आणि संकेतस्थळ नसेपर्यंत ते चालूनही जाते, पण पुढे संकेतस्थळ झाले की तो रकाना बदलायचा राहतो. येथे आणखी एक जुने दुखणे आहे. गूगल पूर्वी या नोंदीवरून फुकट छोटे संकेतस्थळ बनवून देत असे. ‘बिझनेस डॉट साइट’ने संपणारी ती संकेतस्थळे मार्च 2024 मध्ये बंद झाली. आपल्या कार्डावर, फेसबुक पेजच्या माहितीत किंवा इन्स्टाग्राम बायोत तो पत्ता अजून असेल, तर गिऱ्हाईक बंद दारावर थापा मारत आहे असे समजावे आणि तो आजच काढावा.

नाव बदलणे आणि पेज दुसऱ्याच्या हाती असणे

इन्स्टाग्रामचे यूजरनेम बदलल्यावर जुनी लिंक मोडते. बहुतेक वेळा 14 दिवसांत जुने नाव परत घेता येते. त्यानंतर ते दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ शकते आणि मग आपल्याच छापील पिशव्या त्याच्या पेजची जाहिरात करू लागतात. म्हणून बदल करण्याआधी लिंक कोठे कोठे दिली आहे याची यादी काढावी: कार्ड, लेबल, गूगलची नोंद, व्हॉट्सॲप बिझनेसचे प्रोफाइल, फेसबुक पेज, ई-मेलखालची स्वाक्षरी, ऑनलाइन बाजारपेठांवरची खाती. ही यादी लांब निघाली तर नाव न बदलणेच शहाणपणाचे ठरते.

पेज ज्या मुलाने किंवा डिझायनरने सुरू करून दिले तो पुण्याला नोकरीला गेला आणि पेजचा ताबा त्याच्याच खात्यात राहिला, ही तक्रार गावात सतत कानावर येते. मग मालक नवे पेज काढतो आणि जुने तसेच उघडे राहते. दोन्ही पेजेस शोधात दिसतात, आणि जुन्याला फॉलोअर जास्त असल्याने तेच वर येते. शक्य असेल तर त्या माणसाला गाठून मालकाच्या खात्याला पूर्ण नियंत्रण मिळवून घ्यावे. नाहीच मिळाले, तर नव्या पेजची लिंक प्रत्येक ठिकाणी बदलून जुन्याची एकही लिंक शिल्लक ठेवू नये.

लिंक बरोबर, तरी पेज उघडत नाही

मालकाकडे उघडते आणि गिऱ्हाइकाकडे उघडत नाही, असे असेल तर ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत, म्हणजे लॉग-इन नसताना, ती लिंक उघडून पाहावी. फेसबुक पेजला देशाची किंवा वयाची मर्यादा घातलेली असेल तर लॉग-इन नसलेल्याला ते दिसत नाही. पेजच्या सेटिंगमध्ये जाऊन ती मर्यादा काढावी. इन्स्टाग्राम खाते वैयक्तिक आणि खासगी असेल तर कुलूप दिसते. ते बिझनेस खात्यात बदलावे, कारण बिझनेस खाते खासगी ठेवताच येत नाही. इन्स्टाग्राम काही वेळा लॉग-इन नसलेल्याला थोडेच फोटो दाखवून खाते उघडायला सांगते. ही त्या माध्यमाचीच रीत असून आपल्या बाजूने तिच्यावर उपाय नाही. त्यामुळे ज्यांचे इन्स्टाग्रामवर खातेच नाही अशा गिऱ्हाइकांसाठी, आणि चादरींच्या खरेदीदारांत अशी वयस्कर मंडळी पुष्कळ असतात, पिशवीवर व्हॉट्सॲपचा क्रमांक यूजरनेमइतक्याच ठळक अक्षरांत छापावा.