दहाचा पुडा दहालाच, पण आत किती? खाऊच्या पाकिटाचा खरा भाव असा काढा

आमच्याकडे कळव्याला मुली शाळेतून आल्या की दोघींना मिळून क्रीम बिस्किटांचा एक पुडा मिळतो. दहा रुपयांचा. त्यात आठ बिस्किटं यायची, चार-चार वाटली की वाद नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी धाकटी रडत आली, ताईने तिला तीनच दिली म्हणून. थोरली म्हणाली, "आई, शप्पथ, सातच निघाली." मला वाटलं, एक वाटेत खाल्लं असेल. दुसऱ्या दिवशी पुडा मी स्वतः फोडला. सातच.

त्याच आठवड्यात दप्तर धुवायला काढलं, तर बाजूच्या कप्प्यात त्याच बिस्किटाचं जुनं वेष्टन चुरगळलेलं सापडलं. ते ओट्यावर हाताने सपाट केलं आणि नवं शेजारी ठेवलं. रंग तोच, चित्र तेच, लांबी डोळ्यांना सारखीच. कोपऱ्यातला आकडा मात्र वेगळा. जुन्यावर ६५ ग्रॅम, नव्यावर ५५. नाक्यावरच्या वाण्याला दाखवलं तर तो म्हणाला, "ताई, आम्हाला वरूनच असं येतं. भाव वाढवला की लोक बोलतात, वजन कमी केलं की कोणी बोलत नाही."

मी त्या दिवशी थोरलीवर उगाच संशय घेतला होता. तेव्हापासून खाऊ विकत घेताना जे करते, ते इथे क्रमाने सांगते.

पायरी १ : किंमत नंतर, वजन आधी

पाकीट हातात घेतलं की आपली नजर ५, १०, २० या आकड्यांवर जाते. कंपन्यांनाही ते पक्कं माहीत आहे. पाचाच्या नाण्याला आणि दहाच्या नोटेला बसेल अशी किंमत धरून ठेवायची आणि कच्चा माल महागला की आतला माल कमी करायचा, ही या धंद्याची जुनी रीत आहे. म्हणून सवय उलटी करा. पाकीट उचललं की पहिल्यांदा ‘निव्वळ वजन’ शोधा. ते बहुतेक वेळा दर्शनी बाजूला, खालच्या कोपऱ्यात असतं. मुलांना दुकानात पाठवत असाल तर त्यांनाही हे शिकवा. माझी धाकटी आता आकडा मोठ्याने वाचूनच पैसे देते.

पायरी २ : किलोचा भाव काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि मोबाइलवर दहा सेकंदांत होतं. किमतीला १००० ने गुणा, आलेल्या आकड्याला ग्रॅमने भागा. आला तो किलोचा भाव.

आमचा पुडा घ्या. १० गुणिले १०००, भागिले ६५, म्हणजे १५४ रुपये किलो. तोच ५५ ग्रॅमचा झाल्यावर १८२ रुपये किलो. वजन १५ टक्क्यांनी घटलं, पण भाव १८ टक्क्यांनी वाढला. वजनातली घट दिसते त्यापेक्षा भाववाढ नेहमी जास्तच असते. पुडा निम्मा केला तर वजन ५० टक्क्यांनी घटतं, पण भाव दुप्पट होतो. दहाच्या पुड्याचे सरळ बारा रुपये केले असते तर नाक्यावर चर्चा झाली असती. दहा ग्रॅम काढून घेतल्यावर आमच्या घरात फक्त एक पोर रडली.

हे गणित टाळण्याचीही सोय आहे. वजनमापांच्या नियमांत नोव्हेंबर २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्याआधी चहा, बिस्किटं, खाद्यतेल अशा १९ प्रकारच्या वस्तूंना पाकिटाची ठरावीक मापं होती. दुरुस्तीने ती यादी काढली, कंपन्यांना हवं ते वजन भरायची मोकळीक दिली आणि बदल्यात एकक विक्री किंमत, म्हणजे ‘युनिट सेल प्राइस’, छापायला सांगितली. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती दर ग्रॅमला असते. छापील किंमत आणि बॅच नंबर जिथे ठिपक्याठिपक्यांच्या शाईत असतात, तिथेच ‘यूएसपी’ अशी अक्षरं आणि पुढे ०.१८ असा आकडा शोधा. दशांश चिन्ह तीन घरं उजवीकडे सरकवलं की साधारण १८० रुपये किलो. रुपयाच्या अपूर्णांकात लिहिलेला भाव डोक्यात शिरत नाही, तो किलोत आणला की लगेच शिरतो. मला विचाराल तर नियमाने तो किलोतच, ठळक अक्षरांत छापायला लावला पाहिजे. आज तो दुमडीत जातो, नाहीतर शाई पुसून गेलेली असते.

मोठं पाकीट स्वस्तच पडतं, हेही गृहीत धरू नका. एकदा मी एकाच वेफर्सची दोन पाकिटं घेतली, दहाचं ३० ग्रॅमचं आणि वीसचं ५२ ग्रॅमचं. लहान ३३३ रुपये किलो पडलं, मोठं ३८५. वीसचं एक घेण्यापेक्षा दहाची दोन घेतली असती तर आठ ग्रॅम जास्त मिळाले असते.

किलोचा भाव हाताशी आला की सुट्ट्या मालाशीही तुलना करता येते. ठाण्यात जांभळी नाक्याला किंवा नवी मुंबईत वाशीच्या बाजारात गेलात तर सुटी शेव, फुटाणे, शेंगदाणे, चिवडा यांचे भाव विचारून ठेवा आणि पाकिटाचा काढलेला भाव शेजारी मांडा. शाळेचा खाऊचा डबा आमच्याकडे आता आठवड्यातून तीन दिवस फुटाणे-शेंगदाण्यांचा असतो.

पायरी ३ : जुनं वेष्टन फेकू नका

वजन घटलं हे कळायला आधीचं वजन माहीत हवं आणि कोणाच्याही ते लक्षात राहत नाही. तुमच्या घरात नेहमी येणाऱ्या पाच-सहा वस्तू निवडा. प्रत्येकाचं एक वेष्टन पुसून, सपाट करून जुन्या वहीत ठेवा आणि वर तारीख लिहा. तेवढा उत्साह नसेल तर वजन, किंमत आणि पॅकिंगचा महिना दिसेल असा फोटो काढा. दर तीन महिन्यांनी ताडून पाहा.

इथे एका प्रश्नाचं उत्तर देते, कारण वेष्टनं शेजारी ठेवली की तो मनात येतोच. ही फसवणूक आहे का? कायद्याने पाहिलं तर पाकिटावर खरं वजन छापलं आणि आत तेवढं भरलं की गुन्हा होत नाही. वजन कमी केलं हे सांगायचं बंधन आपल्याकडे नाही. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून ४०० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना अशा वस्तूंजवळ दोन महिने तशी पाटी लावावी लागते. पण रंग, चित्र, आकार जसाच्या तसा ठेवून फक्त कोपऱ्यातला आकडा बदलायचा, तेव्हा गिऱ्हाइकाच्या लक्षात येऊ नये हाच हेतू असतो. मी याला दिशाभूलच म्हणते.

कच्चा माल महागला हे कारण खोटं नसतं. कच्च्या पामतेलावरचं मूळ आयात शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये शून्यावरून २० टक्के झालं आणि बिस्किट-फरसाणवाल्यांना त्याचा चटका बसला. मे २०२५ च्या अखेरीला ते १० टक्क्यांवर आलं. आमचा पुडा त्यानंतरही ५५ ग्रॅमचाच राहिला.

पायरी ४ : ‘जादा’ची पट्टी दिसली की विचारा, कशापेक्षा जादा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी घटला. बिस्किटांवरचा १८ टक्क्यांवरून ५ वर आला, पाकीटबंद फरसाण आणि वेफर्सवरचा १२ वरून ५ वर. पाच-दहाच्या पाकिटांची किंमत सुट्ट्या पैशांत उतरवणं अवघड, म्हणून बऱ्याच ठिकाणी किंमत तीच ठेवून वजन वाढवण्याचा मार्ग धरला गेला. पण किती वाढायला हवं होतं?

दहाच्या बिस्किट पुड्यात १८ टक्के कर धरून मूळ किंमत ८ रुपये ४७ पैसे. त्यावर ५ टक्के लावले की होतात सुमारे ८ रुपये ९० पैसे. म्हणजे किंमत दहाच ठेवायची तर वजन बारा टक्क्यांहून थोडं जास्त वाढायला हवं. ५५ ग्रॅमचे जवळपास ६२. फरसाण-वेफर्सच्या ३० ग्रॅमच्या पाकिटाचे ३२. तुमच्या वहीत ऑगस्ट २०२५ चं वेष्टन असेल तर आजच्या पाकिटाशी एवढं एक गणित करून पाहा.

आमच्या पुड्यावर काही आठवड्यांनी पिवळी पट्टी आली, ‘जादा वजन’ अशी. आकडा होता ६१. कराचा फायदा जवळजवळ पूर्ण दिला, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण वहीतलं पहिलं वेष्टन ६५ चं आहे. पट्टीवरचं ‘जादा’ हे ५५ पेक्षा जादा, ६५ पेक्षा नाही. हे मला फक्त ते चुरगळलेलं वेष्टन सापडलं म्हणून कळलं.

पायरी ५ : हवेवर राग काढू नका

वेफर्सच्या पाकिटात भरलेला असतो नायट्रोजन. त्याने वेफर्स चुरत नाहीत आणि तेलाला खवट वास येत नाही. फुगलेलं पाकीट हा तक्रारीचा मुद्दा होत नाही, मुद्दा ग्रॅमचा आहे.

पायरी ६ : संशय आला तर घरीच तोला

छापलेलं वजन कमी करणं वेगळं आणि छापल्यापेक्षा कमी भरणं वेगळं. दुसरं म्हणजे मापात पाप आणि त्याला कायद्यात शिक्षा आहे.

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. तो सपाट ओट्यावर ठेवा, पंखा बंद करा. आधी काटाच तपासा: दहा रुपयांची दहा नाणी ठेवली की साधारण ७७ ग्रॅम दाखवायला हवेत. मग पाकीट न फोडता ठेवा. वेष्टनासकट वजनसुद्धा छापलेल्या निव्वळ वजनापेक्षा कमी भरलं, तर पाकीट न उघडताच घट सिद्ध झाली. तसं नसेल तर एक पाकीट फोडा, माल वाटीत काढा, वेष्टन आतून पुसून तोला आणि ते वजन आधीच्या वजनातून वजा करा.

थोडी घट नियमाला मान्य असते, हे लक्षात ठेवा. ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटात ९ टक्के, ५० ते १०० ग्रॅममध्ये ४.५ ग्रॅम. म्हणजे ३० ग्रॅमच्या एखाद्या पाकिटात २७.३ ग्रॅम भरले तर तेवढ्यावरून गुन्हा ठरत नाही. मात्र ही सूट एकेका पाकिटाला आहे. अनेक पाकिटांची सरासरी छापील वजनाच्या खाली जाता कामा नये. म्हणून एकाच पाकिटावरून भांडायला जाऊ नका. त्याच बॅच नंबरची चार-पाच तोला आणि आकडे लिहून ठेवा.

पायरी ७ : तक्रार करायची तर अशी करा

त्याच बॅचची किमान दोन पाकिटं न फोडता ठेवा. दुकानदाराकडून बिल मागा. यूपीआयचा मेसेज पैसे दिल्याचा पुरावा आहे, पण कोणती वस्तू घेतली हे त्यात नसतं. काट्यावरच्या पाकिटाचे फोटो काढा, त्यात काट्याचा आकडा आणि बॅच नंबर दोन्ही दिसू द्या.

मग पाकिटावरच्या ग्राहक सेवा पत्त्यावर लिहा. उत्तर आलं नाही किंवा गोलमोल आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, मराठीतून बोलता येतं. वजनाच्या तपासणीचा अधिकार राज्याच्या वैध मापन शास्त्र यंत्रणेचा, ज्याला आपण वजनमापे खातं म्हणतो. त्यांच्याकडे लेखी तक्रार द्या. त्यांनी गोदामातून नमुने घेऊन केलेल्या तपासणीला तुमच्या घरच्या काट्यापेक्षा फार जास्त वजन आहे. नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून अर्ज करता येतो. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर-पनवेलकरांचा जिल्हा रायगड.

दहा-वीस रुपयांसाठी कोण एवढं करतं, असं वाटेल. केरळमध्ये त्रिशूरच्या एका ग्राहकाने केलं. ३०० ग्रॅम छापलेल्या बिस्किटांच्या पुड्यांत ३० ग्रॅमहून जास्त घट निघाली आणि २०२४ मध्ये तिथल्या जिल्हा आयोगाने त्याला एकूण ६० हजार रुपये द्यायला सांगितले.

एकट्याने जमत नसेल तर सोसायटीतल्या चार घरांनी मिळून वही ठेवा. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काही कुटुंबांचे संघ करून महिन्याचा माल एकत्र खरेदी करण्याची व्यवस्था चालवते. असा संघ तुमच्या भागात आहे का, तेही विचारून पाहा.

आमच्या मजल्यावर आता तीन घरांची मिळून एक वही आहे. नवी पाकिटं आली की वेष्टन लावायचं काम थोरलीकडे आहे. पहिल्या पानावर तिने दप्तरातलं ते ६५ ग्रॅमचं वेष्टन चिकटवलंय आणि खाली लिहिलंय, "आठ बिस्किटं."