इंग्लंडमधली जुनी पागा मोजायला निघण्याआधी

पहिली तयारी परवानगीच्या पत्राची. इंग्लंडमधल्या मोठ्या वाड्यांच्या कित्येक पागांमध्ये आज उपाहारगृहे आणि दुकाने थाटली आहेत. वास्तुकार जेम्स पेनने चौथ्या ड्यूक ऑफ डेव्हनशरसाठी १७६० च्या आसपास बांधलेली चॅट्सवर्थ वाड्याची पागा ८० घोड्यांची. आता तिथे लोक चहा प्यायला येतात. म्हणून पत्रात ‘पागा पाहायची आहे’ एवढेच लिहून भागत नाही. गवताचा माळा, साजाची खोली, बग्ग्यांची खोली अशी एकेक जागा नाव घेऊन मागावी आणि वेळ दुकाने उघडण्याआधीची मागावी. माळ्यावर वटवाघळे आहेत का, तेही आधीच विचारा. इंग्लंडमध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. जून ते ऑगस्ट हा पिल्लांचा काळ, तो टाळलेलाच बरा.

सामानात ५ मीटरची पोलादी टेप, ३० मीटरची लांब टेप, लेसर मीटर, २ मीटरची सरळ पट्टी, लेव्हल, कपाळावर बांधायची बॅटरी आणि २एच पेन्सिली. उन्हात लेसरचा ठिपका दिसत नाही, म्हणून चौकासाठी एक पांढरा पुठ्ठा हवाच. चिकटपट्टी भिंतीला लावू नका, चुन्याचा थर सोबत निघून येतो. मापे मिलिमीटरमध्ये घ्या, पण फुटांचा तक्ता जवळ असू द्या: बांधणाऱ्यांनी हिशोब फुटांत केला होता. ठाण, म्हणजे एक घोडा बांधायची जागा, साधारण ६ फूट रुंद, म्हणजे १८२९ मिलिमीटर. घोडा मोकळा ठेवायची खोली बहुधा १२ फूट चौरस.

बहुतेकांचा अर्धा दिवस दर्शनी कमानीत आणि घड्याळाच्या मनोऱ्यात जातो. ते सगळे छायाचित्रातही मिळते. वेळ राखून ठेवावा तो फरशीसाठी. लाकडी आडभिंती निघून गेल्या तरी फरशीत खांबांची भोके, घोटीव दगड आणि मुताचे पन्हळ बऱ्याचदा उरतात. १.८ मीटरच्या अंतराने खुणा सापडल्या की ठाणे मोजता येतात. गव्हाणीकडून पन्हळाकडे उतार किती, तो पट्टी आणि लेव्हल लावून नोंदवा. जुन्या ठाणांत तो जास्त असे आणि घोड्याच्या पायांवर ताण येई, अशी तक्रार एकोणिसाव्या शतकातले जाणकार करत. वर नवे काँक्रीट ओतले असेल तर उंबरठ्याच्या कडेला बघा, मूळ फरशी तिथे डोकावते. खिडक्यांवरून मात्र ठाणे मोजू नयेत. दर्शनी भाग सारखा दिसावा म्हणून काही खिडक्या नुसत्याच कोरलेल्या असतात.

साजाच्या खोलीत चूल किंवा धुराडे शोधा. चामड्याला बुरशी लागू नये म्हणून ती खोली उबदार ठेवत. बग्ग्यांची खोली ठाणांपासून तोडलेली का, याचे उत्तर घोड्यांच्या मुतातून उठणाऱ्या अमोनियात आहे: त्याने गाड्यांचे व्हार्निश खराब होई. त्याच वाफेने माळ्यावरचे गवत नासते, म्हणून पुढे ठाणांवर माळा न घालता छताला झरोके ठेवण्याचा आग्रह वाढला. माळ्यावरून गवत खाली टाकायची झडप आणि छताला झरोका, दोन्ही दिसले तर तिथे फेरबदल झालाय का, ते तपासा.

माळ्यावर एकट्याने चढू नका. छताच्या पन्हळी गळून तुळयांची भिंतीतली टोके कुजलेली असतात. खिळ्यांची रांग पाहून तुळईवरच पाय टाका. मापे एकाच शून्यापासून सलग वाचा. तुकड्यातुकड्याने घेतली तर चुकांची बेरीज होते. चौक चौरस दिसला तरी त्याचे दोन्ही कर्ण घेतल्याशिवाय फाटक सोडू नका, नाहीतर घरी नकाशा काढताना चौथी भिंत जुळत नाही.