ऑफिसच्या चौकशीत एआयला प्रॉम्प्ट कसा द्यायचा

वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांतले आणि जालन्याच्या स्टील प्लांटमधले एचआरवाले आता चौकशीच्या कामात एआय वापरायलेत, वापरावंच, फक्त पहिलाच प्रॉम्प्ट (एआयला लिहून दिलेली सूचना) "ही तक्रार वाच आणि दोषी कोण ते सांग" असा देऊ नका. दोषी कोण हे चौकशी अधिकारी किंवा समिती दोन्ही बाजू ऐकून ठरवते, आणि एआयनं ना साक्षीदार समोर बसलेला बघितलाय ना गेटवरचं रजिस्टर. त्याच्याकडून मांडणी करून घ्या, प्रश्न काढून घ्या.

आधी नावं काढा. तक्रारदार, आरोप असलेला कामगार, साक्षीदार 1, साक्षीदार 2 असं लिहा, टोकन नंबर, मोबाइल, गाव सगळं उडवा. लाइनवर एकच महिला सुपरवायझर असेल तर नुसतं नाव काढून भागत नाही, हुद्द्यावरूनच कळतं, तोही बदला. पॉशची, म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलेच्या लैंगिक छळाची, तक्रार असेल तर जास्तच जपा, 2013 च्या कायद्याचं कलम 16 सांगतं की तक्रारीतला मजकूर, दोन्ही बाजूंची आणि साक्षीदारांची ओळख, चौकशीचं कामकाज बाहेर फुटता कामा नये. कंपनीनं परवानगी दिलेलं टूल नसेल तर तिथं पेस्ट करूच नका.

मग एका वेळी एकच काम सांगा. समजा गेटपासशिवाय स्क्रॅप बाहेर गेल्याचा आरोप आहे, तर असं लिहा:

"आरोप एवढाच की 12 तारखेला दुसऱ्या शिफ्टमध्ये गेटपास नसताना स्क्रॅप बाहेर गेलं. खाली तीन जबाब आहेत. वेळेनुसार तक्ता कर. प्रत्येक गोष्टीपुढं कुणी सांगितलं, त्यानं स्वतः पाहिलं की दुसऱ्याकडून ऐकलं ते लिही. जबाबात नसलेलं काही भरू नको, वेळ सांगितली नसेल तर तसंच लिही. दोषी कोण यावर बोलू नको."

यातलं पाहिलं की ऐकलं हे विसरू नकाच. आपल्याकडं साक्षीदार सांगतो, "मी कँटीनला होतो साहेब, पण सगळे म्हणायलते की टेम्पो त्यानंच भरला", आणि एआयला नुसतं "थोडक्यात लिही" म्हटलं की तो सरळ लिहून मोकळा होतो, साक्षीदाराच्या म्हणण्यानुसार टेम्पो त्यानं भरला. ऐकीव गोष्ट पुरावा होऊन बसली, आणि एखाद्याची नोकरी त्याच ओळीवर जाऊ शकते! म्हणून जबाबातलं मूळ वाक्य जसंच्या तसं तक्त्यात मागा, भाषा सुधारू नको असं स्पष्ट सांगा.

पुढचा प्रॉम्प्ट मला सगळ्यात कामाचा वाटतो: "आरोप असलेल्याचं म्हणणं खरं धरलं तर कोणते कागद, कोणते साक्षीदार सापडायला पाहिजेत?" यातून काटा रजिस्टर (गाडीच्या वजनाची नोंद), सीसीटीव्ही, शिफ्ट बदलल्याची नोंद अशा राहून गेलेल्या गोष्टी वर येतात. प्रश्न मागताना मोकळे प्रश्न मागा, "स्क्रॅप तुम्हीच नेलं ना?" असले नकोत, "नऊ ते दहा तुम्ही कुठं होता, सोबत कोण होतं?" असे पाहिजेत.

कायद्याचं मात्र त्याच्या भरवशावर सोडू नका. पॉशची चौकशी 90 दिवसांत पूर्ण करायची आणि ती झाल्यावर 10 दिवसांत अहवाल द्यायचा, हे कलम 11 आणि 13 मध्ये स्वतः उघडून बघा, कारण एआय चुकीचं कलमसुद्धा तितक्याच ठामपणे सांगतो. आणि फाइलला लागतो तो साक्षीदाराला वाचून दाखवलेला, त्याच्या सहीचा मूळ जबाब, एआयचा तक्ता फक्त तुमच्या वाचनापुरता.