टोमॅटोचा तोडा सुरू होण्याआधी जुन्या पिकअपची ‘रेस’ तपासून घ्या

संगमनेर-अकोले भागातील पावसाळी टोमॅटोचा पहिला तोडा तोंडावर आला आहे. दरवर्षी याच दिवसांत चंदनापुरी घाटाच्या चढाला एखादी जुनी डिझेल पिकअप भरल्या कॅरेटांसह कडेला उभी दिसते; इंजिन चालू असते, पण ॲक्सिलरेटर पार खाली दाबला तरी गाडी रेस घेत नाही. नारायणगावचा बाजार गाठायचा राहतो, पूर्ण लाल झालेला माल कॅरेटमध्येच पाणी सोडू लागतो आणि एवढ्या खर्चाने उभ्या केलेल्या पिकाचा तो तोडा मिळेल त्या भावात द्यावा लागतो. अशा ज्या गाड्या मी उघडून पाहिल्या, त्यांतील बहुतेकींनी आधी पंधरा दिवस, कधी महिनाभर सूचना दिलेली होती. एकदा रेस गेली, चावी बंद करून पुन्हा फिरवली, गाडी चालू लागली आणि मालकाने तो विषय तिथेच सोडला. या सल्ल्यातील बाकी काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण रेस पहिल्यांदा जाईल त्याच दिवशी ॲक्सिलरेटरचा कप्लर (पॅडलच्या वायरी जिथे जोडल्या जातात तो प्लग) आणि अर्थिंगचा बोल्ट (बॅटरीची वजा बाजू गाडीच्या धातूला जोडणारा) उघडून पाहावा. आता उघडीप मिळेल तो दिवस यासाठी काढावा. परतीचा पाऊस सुरू झाला की हे काम उघड्यावर करता येत नाही.

प्रथम आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे ते ओळखावे. यांत्रिक डिझेल पंपाच्या गाडीत पायाखालून केबल निघते आणि ती पंपाचा लिव्हर ओढते. एकाने पॅडल दाबावे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून लिव्हर पाहावा. केबलच्या तारा उसवल्या आहेत, केबल आवरणात अडकते आहे की लिव्हरची पिन झिजली आहे, हे पाच मिनिटांत कळते. कॉमन रेल, म्हणजे संगणकाने डिझेल सोडणाऱ्या, इंजिनाच्या गाडीत बहुधा केबल नसते. तिथे पॅडलला दोन सेन्सर असतात, दोघांना साधारण ५ व्होल्टचा पुरवठा मिळतो आणि ते पाय किती दाबला आहे हे वेगवेगळ्या वायरींतून ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, कळवतात. दोघांचे सांगणे जुळले नाही, की ईसीएम कोणावरच विश्वास ठेवत नाही; तो इंजिन बंद पडू देत नाही, पण पॅडल दुर्लक्षित करून इंजिन ठरावीक कमी फेऱ्यांवर धरून ठेवतो. चावी बंद-चालू केल्यावर तो नव्याने विचारणा करतो, त्या क्षणी दोघे जुळले तर गाडी पूर्ववत चालते. ‘आपोआप बरी झाली’ असे वाटते ते यामुळे. बिघाड तसाच असतो, फक्त त्या क्षणी त्याने डोके वर काढलेले नसते.

बिघाड कसा येतो यावरून तो कुठे आहे याचा अंदाज बांधावा. पॅडल एकाएकी मेल्यासारखे झाले, इंजिन मात्र एकसारखे चालते आहे, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला आहे आणि चावी फिरवल्यावर सर्व ठीक होते आहे, तर दोष विजेचा समजावा. चढाला ताकद हळूहळू खचते, इंजिन गचके खाते आणि थोडा वेळ उभी केल्यावर गाडी पुन्हा ओढते, तर डिझेल अडते आहे. काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर टर्बोचा (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याचा) रबरी पाइप फाटला आहे किंवा त्याची पट्टी सैल झाली आहे. हे तीन प्रकार मेकॅनिकला सांगताना ‘गाडी रेस घेत नाही’ या एकाच वाक्यात गुंडाळू नयेत, कारण त्याच वाक्यावर पंप उतरवला जातो.

आता कप्लरविषयी. टोमॅटोवाल्याच्या गाडीत तो लवकर खराब होतो, आणि त्याचे कारण आपणच असतो. फळाच्या बुडाला काळा डाग पडू नये म्हणून आपण कॅल्शियम नायट्रेट आणतो. पावसाळ्यात बॉडीत भिजू नये म्हणून ती गोणी चालकाच्या शेजारी पायापाशी ठेवतो. हे खत हवेतील ओल इतकी ओढते की फाटक्या गोणीतून ते पाझरून मॅटखाली जाते. त्यानंतर एचटीपीच्या (जोरदार दाबाच्या फवारणी पंपाच्या) गनने गाडी धुतो, केबिनमध्येही पाणी मारतो. गेल्या हंगामात मी उघडलेल्या एका कप्लरमध्ये सहा पिनांपैकी दोन पिना हिरव्या पडल्या होत्या, एकीच्या बुडाशी मिठासारखा पांढरा थर होता आणि रबरी सील घडी पडून एका बाजूला बसले होते. पिनेवरचा तो थर नखाने टोकरल्यावर निघाला. एवढ्याशा थराने त्या शेतकऱ्याचे दोन तोडे बाजारात उशिरा गेले होते.

कप्लर उघडण्याआधी चावी काढावी आणि बॅटरीची वजा बाजूची वायर सोडवावी. कप्लरची खिट्टी दाबून तो सरळ ओढावा, वायरींना धरून ओढू नये. आत कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून तो पूर्ण वाळू द्यावा. पॉलिश पेपर वापरू नये, पिनेवरचा मुलामा निघून ती आणखी लवकर गंजते. प्रत्येक वायर एकेक करून हलकेच ओढून पाहावी, कारण पिन कप्लरमधून मागे सरकलेली असेल तर वरून काहीच दिसत नाही. सील सरळ बसवून कप्लर ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबावा.

अर्थिंगकडे तर कोणी पाहतच नाही. बॅटरीची वजा बाजू एका जाड पट्टीने चॅसिसला आणि दुसऱ्या पट्टीने इंजिनाला जोडलेली असते. पट्टीखालचा बोल्ट गंजला, की पॅडलपासून ईसीएमपर्यंत सगळ्यांची मोजमापे डळमळतात. दिवे, वायपर आणि पंखा एकदम चालू केल्यावर रेस जाते ती बहुधा याचमुळे. बोल्ट सोडवून पट्टी आणि चॅसिसचा पत्रा दोन्ही चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावेत, घट्ट आवळावेत आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा-हिरवा फुलोरा खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून धुवावा.

ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांच्यासाठी आकडे असे आहेत. इंजिन बंद असताना बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. इंजिन चालू व दिवे लावलेले असताना बॅटरीची वजा बाजू आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर अर्थिंग खराब आहे. पॅडलचे कप्लर जोडलेले ठेवून मागून बारीक सुई घालून सिग्नल मोजावा; बऱ्याच गाड्यांत पाय सोडलेला असताना एका सेन्सरवर साधारण ०.७ ते ०.८ व्होल्ट आणि दुसऱ्यावर त्याच्या निम्मे येतात, आणि पॅडल दाबत नेले तरी हे दुपटीचे नाते सुटत नाही. नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातून घ्यावा. मोजताना पॅडल अगदी सावकाश दाबावे. येथे जुना काट्याचा मीटर अधिक उपयोगी पडतो. आकड्यांच्या मीटरला क्षणभराची घट दाखवायला उसंत मिळत नाही, काटा मात्र लगेच गचकतो.

माझा अनुभव, जो कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नाही, असा आहे: सकाळी दहिवरात किंवा गाडी धुतल्यावर रेस जात असेल आणि ऊन चढल्यावर येत असेल, तर कप्लरमध्ये ओल आहे. पॅडल ठरावीक एकाच जागी आल्यावर, म्हणजे बहुधा पन्नास-साठच्या वेगाला जिथे पाय टेकलेला असतो तिथेच, रेस जात असेल तर पॅडलच्या सेन्सरमधला सरकता संपर्क ज्यावर घासतो तो पट्टा झिजला आहे आणि पॅडल बदलणे रास्त आहे. चढाला किंवा खड्ड्यात जात असेल, तर इंजिन हलताना वायरिंग कुठेतरी ताणते किंवा पत्र्याला घासते. अशा वेळी इंजिन चालू ठेवून, पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब राखून, वायरिंगची जुडी जागोजागी हलवून पाहावी.

आणखी एक जागा राहून जाते, ती म्हणजे ब्रेकचा स्विच. अनेक इलेक्ट्रॉनिक गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबल्याचा निरोप गेला तर ईसीएम डिझेल कमी करतो. स्विच अडकून मागचा लाल दिवा पाय काढल्यावरही जळत असेल, तर पॅडलला दोष देऊ नये.

कप्लर आणि अर्थिंग साफ केल्याशिवाय कोणताही सुटा भाग विकत घेऊ नये, हे मी पुन्हा सांगतो. माझ्या स्वतःच्या गाडीला एका वर्कशॉपने आधी पॅडल, मग डिझेलच्या टाकीत ओतायच्या औषधाची महागडी बाटली आणि शेवटी इंजेक्टर सुचवले होते. पॅडल मी बदलले, बाटलीही ओतली. आठव्या दिवशी रेस पुन्हा गेली. दोष बॅटरीच्या ट्रेखालच्या अर्थिंगच्या बोल्टमध्ये निघाला आणि तो दहा नंबरच्या पान्याने आणि तारेच्या ब्रशने मिटला. ईसीएममध्ये नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावायला हरकत नाही, तो जरूर लावावा. पण कोड स्वतः लिहून घ्यावा. पी २१३८ याचा अर्थ पॅडलचे दोन सेन्सर जुळत नाहीत एवढाच आहे, ‘पॅडल खराब’ असा नाही. पी २१२२ आणि पी २१२७ म्हणजे सिग्नल फार कमी येतो; तुटकी वायर आणि हिरवी पिन हाच कोड देतात. कोड पुसून गाडी परत देणाऱ्याला बिघाड कुठे सापडला हे विचारावे.

डिझेलच्या बाजूचे काम थोडक्यात असे आहे:

– डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढावे. पावसाळ्यात दर आठवड्याला.
– फिल्टर गाडीच्या पुस्तकातील अंतराप्रमाणे बदलावा.
– टाकीचे झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर झाकणाचे छिद्र मोकळे करावे.
– टाकीपासून फिल्टरपर्यंतचे पाइप आणि पट्ट्या पाहाव्यात. हवा तिथूनच शिरते.
– औषधाच्या रिकाम्या कॅनमध्ये डिझेल आणू नये.
– रात्री टाकी रिकामी ठेवू नये.

कॉमन रेलचे जाड पोलादी पाइप इंजिन चालू असताना कधीही सैल करू नयेत. आतला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो आणि ती बारीक धार कातडीतून आत शिरते. जुन्या पंपाच्या गाडीत पाइप सैल करून ‘एअर काढण्याची’ सवय इथे जिवावर बेतू शकते.

कॅरेट जास्त बसावेत म्हणून हंगामाआधी बॉडीला अँगल वेल्ड करून घेण्याची पद्धत आहे. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवाव्यात आणि वेल्डरची अर्थिंगची पकड जोडाच्या अगदी जवळ लावायला सांगावे, अन्यथा तो करंट ईसीएमपर्यंत पोहोचतो. वेल्डिंगनंतर रंग मारताना अर्थिंगच्या बोल्टखाली रंग जाणार नाही हे समोर उभे राहून पाहावे.

गाडी कांद्याच्या चाळीशेजारी किंवा धान्याच्या शेडमध्ये उभी असेल, तर वायरिंग उंदरांच्या तावडीत सापडते. शेडबाहेरच्या बिळांसाठी झिंक फॉस्फाइडचे आमिष वापरतात: ९६ भाग भरडलेले धान्य, २ भाग खाद्यतेल आणि २ भाग झिंक फॉस्फाइड, आधी दोन-तीन दिवस विष न घालता तेच धान्य ठेवावे, म्हणजे उंदीर सरावतात. घराजवळ ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोनच्या वड्या वापराव्यात. हातमोजे घालावेत, आमिष कोंबड्या, कुत्री आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि मेलेले उंदीर पुरावेत. आमच्याकडे बॉनेट उघडे ठेवून रात्री वर बल्ब लावतात आणि बॅटरीशेजारी तंबाखूच्या काड्यांची पुरचुंडी बांधतात. तंबाखूचे ठाऊक नाही, पण बल्ब लावल्यापासून माझ्या गाडीची वायर कुरतडलेली नाही.

तोड्याच्या आदल्या दिवशी पाहावे: इंजिन ऑइल, कूलंट, एअर फिल्टर, पट्टा, टायरची हवा, स्टेपनी, जॅक, ब्रेक ऑइल, पाटे, मागचे दिवे.

एवढे करूनही वाटेत रेस गेली, तर गाडी शक्य तितकी डावीकडे घ्यावी, चारही दिवे लुकलुकते ठेवावेत आणि चढाला चाकामागे दगड लावावा. चावी बंद करून किमान अर्धा मिनिट थांबावे, मग पॅडलला पाय न लावता गाडी सुरू करावी. इंजिन बंद ठेवून उतारावर गाडी सोडू नये. ब्रेकला जोर देणारा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. कप्लर काढून, पिनांवर फुंकर मारून पुन्हा दाबून बसवल्यावर गाडी चालली, तर मोठा रस्ता सोडून न जाता बाजार गाठावा, परंतु त्याच दिवशी परत आल्यावर तो उघडून स्वच्छ करावा. दुसऱ्या तोड्यापर्यंत वाट पाहू नये. गाडी चाललीच नाही, तर दुसरी गाडी येईपर्यंत कॅरेटवरची ताडपत्री बाजूंनी उचलून हवा खेळती ठेवावी आणि माल हलवताना पूर्ण लाल झालेली कॅरेट आधी पुढे पाठवावीत. नुकता रंग धरलेला माल सावलीत आणखी एखादा दिवस थांबू शकतो.